निसर्ग उद्यानात किती माणसे यावीत?

रविवारी सकाळी भायखळ्याच्या राणीच्या बागेसमोर उभे राहून पाहा. लालबाग-परळकडून, गिरगावातून, थेट ठाणे-कल्याणहून आलेली कुटुंबे तिकिटाच्या रांगेत असतात. मुलांना पेंग्विन पाहायचे असतात, आजोबांना सावलीचे बाक हवे असते. याच वेळी तेथून आठ-दहा किलोमीटरांवर, शीव आणि वांद्रे यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, धारावी बस आगारासमोर आणखी एक हिरवी जागा असते. तिचे नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. तेथे पिंजरे नाहीत, पेंग्विन नाहीत. आहेत ती झाडे, फुलपाखरे, पक्षी, एक तळे आणि पाठीमागे मिठी नदीच्या काठची खारफुटी. परळला धीम्या लोकलमध्ये बसलात तर दादर, माटुंगा आणि मग शीव, असे तिसरेच स्थानक लागते. तरीही तुमच्या वर्गातील किती जणांनी हे उद्यान पाहिले आहे, हे एकदा हात वर करायला सांगून मोजा.

मोजणी झाली की एक प्रश्न उभा राहील. जास्त माणसे येतात ते ठिकाण यशस्वी, असे म्हणावे काय? की निसर्गाच्या ठिकाणी माणसे जितकी कमी येतील तितके बरे? प्रश्न सोपा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधताना मृदाशास्त्र, परिस्थितिविज्ञान आणि थोडे गणित या तिन्ही गोष्टी लागतात. आज त्याच वाटेने जाऊ या.

दार उघडे ठेवण्याची परंपरा

मुंबईत निसर्ग-अभ्यासाची परंपरा जुनी आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ मुंबईकरांनी एकत्र येऊन बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांपैकी दोघे भारतीय डॉक्टर होते. डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक, तर डॉ. सखाराम अर्जुन हे औषधी वनस्पतींचे जाणकार. आपण पाहिलेले प्राणी, जमवलेले नमुने आणि टिपलेली निरीक्षणे एकमेकांना दाखवावीत, एवढाच सुरुवातीचा साधा हेतू. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात होत. राणीच्या बागेत गेलात तर ती इमारत फाटकाजवळच दिसेल.

या संस्थेच्या दारात १९०८ साली एक शाळकरी मुलगा आला. तो गिरगावजवळच्या खेतवाडीत मामांकडे वाढत होता. त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती आणि तिच्या कंठावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती? संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. त्यांनी पक्षी ओळखून दिला, संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी कपाटे उघडून दाखवले आणि नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली.

हेच सालिम अली १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून रुजू झाले. काचेच्या कपाटांपुढे उभे राहून येणाऱ्या मंडळींना पक्ष्यांची आणि प्राण्यांची माहिती सांगणे, हे त्यांचे काम होते. कपाटात पक्षी ठेवला म्हणजे तो आपोआप बोलू लागत नाही. त्याच्याविषयी बोलणारा कोणीतरी लागतो, ही गोष्ट त्या काळीही कळलेली होती. निसर्ग केंद्राचे खरे भांडवल इमारत नव्हे, तर तेथे पाहायला शिकवणारा माणूस होय. हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढे गणितात त्याचा उपयोग होणार आहे.

कचऱ्यावर उगवलेले अरण्य

महाराष्ट्र निसर्ग उद्यान सुमारे ३७ एकरांवर, म्हणजे जवळजवळ १५ हेक्टरांवर पसरलेले आहे. आज तेथे दाट सावली आहे. परंतु १९७७ सालापर्यंत तेथे शहराचा कचरा टाकला जात होता. १९८३ साली डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तेथे पहिले झाड लावले गेले आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर येथे शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

कचऱ्यावर झाड लावणे हे अंगणात झाड लावण्याइतके सोपे नसते. कचरा खाली दबून कुजतो तेव्हा आत हवा पोहोचत नाही. हवेविना जगणारे जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून मिथेन वायू बाहेर पडतो. मिथेन ज्वालाग्राही असतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर मुंबईवर कसा पसरला होता, हे तुमच्या घरच्यांना आठवत असेल. शिवाय मुळांभोवती मिथेन साचला की मुळांना प्राणवायू कमी पडतो. कुजता कुजता कचरा आकसतो, त्यामुळे जमीन कोठे खचते, कोठे भेगाळते.

म्हणून अशा जागेवर आधी मातीचा थर द्यावा लागतो. नंतर काटक, झपाट्याने वाढणारी झाडे लावतात. शेंगा येणाऱ्या कुळातील झाडे यात फार उपयोगी, कारण त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करून जमिनीला देतात. झाडांचा पालापाचोळा पडतो, तो वाळवी, गांडुळे आणि बुरशी कुजवतात, त्यातून काळी भुसभुशीत माती तयार होते. फळे येऊ लागली की बुलबुल, कोकीळ, तांबट हे पक्षी येतात आणि त्यांच्या विष्ठेतून इतर झाडांच्या बिया येऊन पडतात. माणसाने सुरुवात करून द्यायची आणि पुढचे काम निसर्गाने हळूहळू पूर्ण करायचे, अशी ही भागीदारी असते.

असे प्रयत्न इतरत्रही झाले आहेत. लंडनमध्ये जुन्या पाणीपुरवठ्याचे सिमेंटचे तलाव बदलून २००० साली पाणपक्ष्यांसाठी एक मोठे केंद्र उघडण्यात आले. न्यूयॉर्क शहराची फ्रेश किल्स ही प्रचंड कचराभूमी २००१ साली बंद झाली आणि तिचा एक भाग २०२३ साली लोकांना फिरण्यासाठी खुला झाला. धारावीच्या शेजारचे आपले उद्यान या दोहोंच्याही आधीचे आहे, ही गोष्ट मुंबईकराने अभिमानाने सांगावी अशी आहे.

आता लक्षात घ्या, की असे अरण्य जेवढ्या कष्टाने उभे राहते तेवढ्याच सहजपणे ते बिघडू शकते. म्हणूनच किती माणसे यावीत हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भेटी आणि माणसे

आधी मोजणीचा घोटाळा सोडवू या. फाटकावरचा पहारेकरी वहीत जो आकडा लिहितो तो भेटींचा असतो, माणसांचा नव्हे. एकच मुलगी वर्षात आठ वेळा आली, तर वहीत आठ भेटी पडतात. माणूस मात्र एकच. तीन काल्पनिक केंद्रांचे उदाहरण घ्या.

पहिल्या केंद्रात ४० शाळांचे प्रत्येकी १०० विद्यार्थी वर्षातून एकदाच आले. भेटी झाल्या ४०००, माणसेही ४०००.

दुसऱ्या केंद्रात १० शाळांचे प्रत्येकी ५० विद्यार्थी वर्षातून आठ-आठ वेळा आले. ५०० गुणिले ८, म्हणजे भेटी ४०००. पण माणसे फक्त ५००.

तिसऱ्या केंद्रात २० शाळांचे प्रत्येकी १०० विद्यार्थी एकदा आले, म्हणजे २००० भेटी. त्यांपैकी २५० जण पुढे आपण होऊन आणखी आठ-आठ वेळा आले, म्हणजे आणखी २००० भेटी. एकूण पुन्हा ४०००; माणसे २०००.

वहीतील आकडा तिन्हीकडे सारखाच आहे. परंतु पहिल्या केंद्रात ४००० मुलांनी अरण्य एकेकदा पाहिले आणि बहुतेक ती विसरूनही गेली. दुसऱ्यात थोड्या मुलांनी पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू पाहिले, पण ती सारी ठरावीक शाळांचीच होती. तिसऱ्या केंद्राने दार सर्वांसाठी उघडले आणि ज्यांना गोडी लागली त्यांच्यासाठी ते उघडेच ठेवले. तेथे पुन्हा येणाऱ्यांचे प्रमाण २००० मध्ये २५०, म्हणजे साडेबारा टक्के पडते. एखाद्या केंद्राची प्रगती पाहायची असेल तर एकूण आकड्याच्या शेजारी हा दुसरा आकडाही लिहिला पाहिजे.

पण नावे न विचारता, निरनिराळी माणसे किती, हे कसे ओळखावे? यासाठी प्राणिशास्त्रज्ञांची एक युक्ती उपयोगी पडते. तळ्यातील सगळे मासे मोजता येत नाहीत. म्हणून काही मासे पकडून त्यांना खूण करून सोडतात. काही दिवसांनी पुन्हा मासे पकडतात आणि त्यांत खूण असलेले किती, ते पाहतात.

समजा, एका रविवारी आलेल्या ६० जणांना उद्यानाने एक हिरवे कार्ड दिले आणि पुढच्या वेळी येताना ते आणायला सांगितले. पुढच्या रविवारी ८० जण आले. त्यांपैकी १२ जणांकडे कार्ड होते. म्हणजे आलेल्यांपैकी १२/८० जण खूण असलेले. येणारी मंडळी जर एकूण समूहातून कशीही, निवड न होता येत असतील, तर एकूण समूहातही खूण असलेल्यांचे प्रमाण तेवढेच असेल. ६० कार्डे म्हणजे एकूण संख्येचा १२/८० भाग; म्हणून एकूण संख्या = ६० × ८० ÷ १२ = ४००. रविवारी येणारी मंडळी सुमारे ४०० आहेत, असा हा अंदाज झाला.

येथे एक धोका आहे. काही माणसे दर रविवारी येणारी असतात आणि काही क्वचित. नेहमी येणाऱ्यांच्या हाती पहिल्या दिवशीच कार्ड पडण्याची शक्यता जास्त आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याचीही जास्त. त्यामुळे कार्डवाले वाजवीपेक्षा अधिक भेटतात आणि आपले उत्तर खऱ्या संख्येपेक्षा कमी येते. उलट कोणी कार्ड घरी विसरले, तर उत्तर फुगते. सूत्र वापरताना त्यामागचे गृहीत कोठे ढासळते ते पाहणे, हेही विज्ञानच.

पावलांचा भार

आता मातीकडे वळू. चांगल्या मातीच्या एकूण आकारमानाचा जवळजवळ अर्धा भाग पोकळ असतो. कणांमधल्या या पोकळ्यांत हवा आणि पाणी असते. मुळे त्यातूनच श्वास घेतात, गांडुळे त्यातूनच वाट काढतात आणि पावसाचे पाणी त्यातूनच खाली झिरपते. माती पायांखाली सतत दाबली गेली की या पोकळ्या मिटतात.

साधा हिशोब करू. तुमचे वजन ४५ किलोग्रॅम आहे आणि आलेख कागदावर बुटाचा ठसा काढून मोजल्यावर तळाचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर भरले, असे समजा. चालताना क्षणभर सारे वजन एकाच पायावर येते. ४५ ÷ १५० = ०.३, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ०.३ किलोग्रॅम भार. आकडा लहान वाटतो. पण एक किलोमीटर चालताना तुम्ही सुमारे १६०० पावले टाकता. अशी २०० मुले एका सकाळी चालली तर ३,२०,००० पावले पडतात. ही पावले दगडी पायवाटेवर पडली तर काही बिघडत नाही. परंतु फुलपाखराचा फोटो काढण्यासाठी प्रत्येकजण वाट सोडून दोन पावले आत गेला, तर चार-सहा महिन्यांत तेथे नवी वाट तयार होते. वाटेवर गवत उगवत नाही, पावसाचे पाणी झिरपण्याऐवजी वाहू लागते आणि वाहताना वरची सुपीक माती घेऊन जाते. ज्या मातीसाठी एवढी वर्षे पालापाचोळा पडत राहिला, ती दोन पावसाळ्यांत नाहीशी होऊ शकते.

आवाजाचाही असाच परिणाम होतो. घरट्यावर बसलेला पक्षी गलका ऐकून उडाला की तेवढा वेळ अंडी उघडी पडतात. एकदा उडाला तर तो परत येतो. दर पाच मिनिटांनी उडावे लागले तर घरटे सोडून जाण्याचाही संभव असतो.

सर्वांत आखूड फळी

मग उद्यानात एका वेळी किती माणसे असावीत? पुन्हा एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका उद्यानातील निसर्गवाट १००० मीटर लांब आहे. एका तुकडीचा आवाज दुसरीला त्रास देऊ नये म्हणून दोन तुकड्यांत १०० मीटर अंतर हवे. म्हणजे वाटेवर एका वेळी १० तुकड्या मावतात. एका तुकडीत २० मुले, म्हणजे एका वेळी २००. एक फेरी दीड तासाची आणि सकाळी आठ ते अकरा ही वेळ निरीक्षणाला योग्य, म्हणून दोन फेऱ्या. उत्तर आले ४००.

पण थांबा. या उद्यानात शिकवणारे मार्गदर्शक चारच असतील तर? मग एका फेरीत चारच तुकड्या नीट जातील; ४ × २० × २ = १६०. बाकीच्या सहा तुकड्या नुसत्याच चालतील, म्हणजे त्यांनी राणीच्या बागेतील रांगेत उभे राहिले काय आणि येथे चालले काय, सारखेच.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या नावाशी जोडलेला एक नियम तुम्ही कदाचित जीवशास्त्रात शिकाल. रोपाची वाढ त्याला मिळणाऱ्या सर्व पोषकद्रव्यांवर सरसकट ठरत नाही. जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असते, त्यावर ठरते. हा नियम समजावण्यासाठी लाकडी पिंपाचे उदाहरण देतात. पिंपाच्या फळ्या कमी-अधिक उंचीच्या असतील तर पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच भरते. इतर फळ्या कितीही उंच केल्या तरी पाण्याची पातळी वाढत नाही.

निसर्ग केंद्राचेही असेच आहे. वाट, मार्गदर्शक, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, पावसात बसायची जागा या त्याच्या फळ्या. आपल्या उदाहरणात आखूड फळी मार्गदर्शकांची आहे. नवे मोठे फाटक बांधून किंवा जाहिरात करून पाहुणे वाढतील, शिकणारे वाढणार नाहीत. उलट शेजारच्या शाळांतील दोन थोरले विद्यार्थी तयार केले, तर चाराचे सहा मार्गदर्शक होतात आणि १६० ची संख्या २४० वर जाते. सालिम अलींना १९२६ साली दिलेले काम किती मोलाचे होते, ते आता गणितानेही सिद्ध झाले.

गर्दी न करता माणसे वाढवणे

माणसे वाढवायची पण गर्दी वाढवायची नाही, हे जमते कसे? त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग काळाचा. शाळांच्या सहली बहुतेक डिसेंबर-जानेवारीत निघतात, कारण तेव्हा हवा बरी असते. परंतु निसर्ग बाराही महिने काही ना काही दाखवत असतो. जून-जुलैत बुरशी, गोगलगायी आणि रुजणाऱ्या बिया; ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलपाखरे आणि कोळी; नोव्हेंबर ते मार्च स्थलांतरित पक्षी; एप्रिल-मे महिन्यांत बहाव्याचे पिवळे घोस. वर्षाचे वेळापत्रक असे वाटून दिले तर तेवढीच मुले दहा महिन्यांत येतील आणि कोणत्याच दिवशी रेटारेटी होणार नाही.

दुसरा मार्ग कामाचा. पाहुणा म्हणून आलेला माणूस पाहून जातो. काम करायला आलेला पुन्हा येतो. रोपवाटिकेत पिशव्या भरणे, बिया गोळा करून त्यावर नाव-तारीख लिहिणे, पालापाचोळ्याचे खत करणे, महिन्यातून एकदा ठरावीक वाटेवर पक्षी मोजणे, ही कामे शाळकरी मुलांना आणि शेजारच्या वस्तीतील मंडळींना सहज जमतात. अमेरिकेत १९०० सालच्या नाताळात २७ जणांनी पक्ष्यांची शिकार करण्याऐवजी त्यांची मोजणी केली. ती मोजणी दरवर्षी होत गेली आणि आज हजारो लोक तीत भाग घेतात. एवढ्या वर्षांच्या नोंदींमुळे कोणता पक्षी घटला, कोणता वाढला, हे शास्त्रज्ञांना सांगता येते. आपल्याकडेही १२ नोव्हेंबर या सालिम अलींच्या जन्मदिनाच्या सुमारास पक्षिगणना केली जाते. तुमची वही त्या मोठ्या वहीचे एक पान होऊ शकते.

तिसरा मार्ग जागेचा. सगळ्यांनी केंद्रात येण्याऐवजी केंद्रानेच बाहेर पडावे. २०१७ सालापासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन समुद्री जीव दाखवीत आली आहेत. गिरगाव चौपाटीही त्यांत आहे. तेथे इमारत नाही, फाटक नाही, तिकीट नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणि जाणता माणूस एवढ्यावर वर्ग भरतो. दादरचे विद्यार्थी शिवाजी पार्कच्या कडेच्या पर्जन्यवृक्षांखाली, परळ-लालबागचे शिवडीच्या खाजणाकाठी, तर भायखळ्याचे राणीच्या बागेतील उर्वशी आणि गोरखचिंच या झाडांपाशी असाच वर्ग भरवू शकतील. निसर्ग उद्यानाने त्यांना प्रश्न द्यावेत, उत्तरे तपासून द्यावीत. मग उद्यानाच्या वाटेवर एकही जादा पाऊल न पडता उद्यानाचा विद्यार्थिवर्ग वाढेल.

कोणीच आले नाही तर?

एवढे वाचून एखादा म्हणेल, की माती दबते, पक्षी बिचकतात, मग उद्यानाला कुलूपच का लावू नये? याचे उत्तर शहराच्या स्वभावात आहे. मुंबईत मोकळ्या जमिनीला फार मोल आहे. मिठी नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती दिसतात, त्यावरून याची कल्पना येईल. ज्या जागेची कोणाला ओळख नाही, तिच्यासाठी कोणी बोलत नाही.

राणीच्या बागेचेच उदाहरण पाहा. ही बाग १८६२ साली खुली झाली. तेथे तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. त्यांपैकी काही मुंबईत अन्यत्र क्वचितच दिसतात. २००७ च्या सुमारास बागेच्या पुनर्रचनेचा एक मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा जुन्या झाडांचे काय होईल या काळजीने काही नागरिक एकत्र आले. त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, याद्या केल्या, लोकांना हिंडवून झाडे दाखवली आणि आपले म्हणणे मांडले. तो आराखडा त्या रूपात अमलात आला नाही. पुढे २०१७ साली पेंग्विन पाहायला लोकांची रीघ लागली, हे खरे. परंतु अडचणीच्या वेळी बागेच्या बाजूने उभी राहिली ती मंडळी रांगेतली नव्हती. ती झाडांना नावाने ओळखणारी होती.

म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की निसर्ग उद्यानाला ओळखणारी माणसे शक्य तितकी जास्त असावीत आणि त्यांपैकी एका वेळी वाटेवर असणारी माणसे मातीला पेलतील व मार्गदर्शकाला सांभाळता येतील एवढीच असावीत. पहिली संख्या वाढत राहिली पाहिजे. दुसरीला मर्यादा हवी.

करून पाहा

१. दोन्ही बाजूंनी उघडा असा एक पत्र्याचा डबा घ्या. कडा हाताला लागणार नाहीत अशा घासून घ्या. शाळेच्या मैदानावर, मुले नेहमी चालतात तेथे, तो दोन सेंटिमीटर जमिनीत दाबून बसवा. त्यात २५० मिलिलिटर पाणी ओता आणि ते पूर्ण जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. हाच प्रयोग एखाद्या झाडाखाली, जेथे कोणी चालत नाही, तेथे करा. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन वेळा करून सरासरी काढा. प्रयोग उद्यानात करू नका. तेथली माती आपण नुकतीच वाचवायची ठरवली आहे.

२. आलेख कागदावर आपल्या बुटाचा ठसा काढून चौकोन मोजा आणि दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा आपला भार काढा. वर्गातील सर्वांत वजनदार मुलाचाच भार सर्वांत जास्त येतो काय?

३. एका वाटीत मूठभर शेंगदाणे किंवा चिंचोके घ्या. न मोजता त्यातील २० उचलून त्यांना शाईची खूण करा, पुन्हा मिसळा, डोळे मिटून ३० काढा आणि खुणांवरून एकूण संख्येचा अंदाज बांधा. मग खरोखर मोजा. खूण केलेले दाणे वरच ठेवून न मिसळता काढले तर उत्तर कसे चुकते, तेही पाहा.

४. शाळेच्या ग्रंथालयाला किंवा प्रयोगशाळेला पिंपाचा नियम लावा. तेथील सर्वांत आखूड फळी कोणती?

शिक्षकांसाठी दोन शब्द

शंभर मुलांची एक सहल नेण्यापेक्षा वीस-वीस मुलांच्या पाच सहली नेणे त्रासाचे असते, हे मान्य. परंतु पहिली तुकडी परत आली की तिच्यातील चार मुले दुसऱ्या तुकडीबरोबर मार्गदर्शक म्हणून पाठवावीत. पाचव्या तुकडीपर्यंत शाळेत सोळा जाणती मुले तयार होतील. सहलीनंतर निबंध लिहायला सांगण्याऐवजी जाण्यापूर्वी आणि आल्यानंतर तेच पाच प्रश्न विचारावेत. उत्तरांतील फरक हेच त्या सहलीचे खरे प्रगतिपुस्तक होय. आणि तपासलेल्या उत्तरांची एक प्रत उद्यानाकडे अवश्य पाठवावी. फाटकावरच्या वहीतून जे कळत नाही, ते त्यांना त्यातून कळेल.